कॉम्रेडला इचारून सांगतो

राणीचा फोन आला तेव्हा सुलाबाई कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या आपल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. राणी म्हणजे कोंडीबाची सून, सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणणारी. पोरीचा आवाज रडून बसलेला. "मावशी, मामांचं काय खरं न्हाई आता. डाक्टरनी घरी न्या म्हनून सांगितलंय. आन् आठ दिस झालं, नुसतं कॉम्रेड, कॉम्रेड करत्यात. आत्ती म्हनल्या, तुमाला बोलवून घ्यावं. येताय न्हवं?"

"येते," सुलाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. आता खोटं कशाला सांगा, माणूस मरायला टेकला होता आणि हिला आधी झाला तो आनंद. वाईट मागाहून वाटलं. ती आरशापुढं गेली, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, ट्रंकेतली लाल काठाची साडी काढली. सत्तरीला टेकलेली बाई आणि साडीच्या काठाचा विचार करत होती. तिचं तिलाच हसू आलं, पण नेसली तीच.

कोंडीबा तिला तोंडावर कायम 'सुलाताई' म्हणायचा. माघारी मात्र 'कॉम्रेड'. कष्टकरी दल या त्यांच्या संघटनेची कुठलीही बैठक असो, मोर्चा काढायचा असो नाहीतर काम बंद पाडायचं असो, कोंडीबा लगेच हो म्हणत नसे. "थांबा गड्यांनो, कॉम्रेडला इचारून सांगतो," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन "कॉम्रेडचं म्हननं आसं पडलं" म्हणून आपलं मत द्यायचा. हे सगळं सुलाबाईच्या कानावर दुसऱ्यांकडून यायचं. ती दलाची पूर्णवेळ कार्यकर्ती, आज इस्लामपूर तर उद्या आटपाडी, पाठीला झोळी आणि पायात धूळ. कोंडीबानं तिला खरोखर काही विचारलेलं नसायचं. पण तिनं आपल्यापुरता अर्थ लावला होता. हा माणूस मनातल्या मनात आपल्याला विचारतो, आपण इथं असतो तर काय म्हणालो असतो ते ताडतो आणि तसं वागतो.

तोंडावर ताई आणि माघारी कॉम्रेड, यातच तिला सगळं मिळालं होतं. कारण ती याच मुलखातली. तिचे वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले सुभेदार, ऊसवाले शेतकरी. त्यांनी जन्मात कधी बायकोचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं नाही, तोंडावर तर मुळीच नाही, हीच आपल्याकडं मायेची खूण. कोंडीबा लग्न झालेला, धनगराचा, वर दलातला. तो आणखी काय करणार होता? त्या एका शब्दावर सुलाबाईनं लग्नाची सगळी स्थळं मोडली आणि हयात काढली. आता तो शब्द त्याच्या तोंडून, तोंडावर, एकदा ऐकायचा होता. एवढंच मागणं होतं. तो गेला की तेही संपलं.

कऱ्हाडहून एसटी निघाली. वाटेत तिच्या डोळ्यांपुढं कोंडीबा कमी आणि रंगूबाईच जास्त येत होती. रंगूबाई, कोंडीबाची बायको. काळी, काटक, कपाळाला आडवं कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सुलाबाईला तिचा हेवा वाटायचा, आणि कशाकशाचा म्हणून सांगावं? कोंडीबाचं धोतर ती धुवायची याचा. त्याच्या ताटात भाकरी ती टाकायची याचा. एकदा सांगलीच्या तुरुंगात दलाचे गडी डांबले होते तेव्हा बायको म्हणून रंगूबाईला आत सोडलं, आणि पत्रकं काढून, वकील गाठून घसा बसलेली सुलाबाई फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली, याचा तर फारच. आता तो मेल्यावर ऊर बडवायचा हक्कही रंगूबाईचाच. सुलाबाईनं शोकसभेत दोन शब्द बोलायचे आणि पाणी पिऊन खाली बसायचं. पण आठ दिवस तो हाका कुणाला मारतोय? बायको उशाशी बसलेली असताना कुणाला? हे आठवलं की सुलाबाईला बसच्या खिडकीतला वारा गोड लागत होता.

विट्याच्या स्टँडवर नाथाजी स्कूटर घेऊन उभा होता. नाथाजी दलातलाच, खडी फोडण्यापासून लाठ्या खाण्यापर्यंत सगळ्यात पुढं. आता तोंडात कवळी आणि डोक्याला कानटोपी.

"बसा सुलाताई. घट्ट धरा, ब्रेक आमच्यासारकंच झाल्यात."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, डाळिंब, मधेच द्राक्षांचे मांडव. सुलाबाई बघतच राहिली.

"बगा," नाथाजी वाऱ्यात ओरडून बोलत होता, "ह्याच माळावं आपुन दुष्काळात खडी फोडली. कुसळ बी उगवत नव्हतं. पान्यासाठी डोकी फोडून घितली, जेलात गेलो. आता पाटाला पानी आलंय तर माझा नातू इचारतो, आबा, क्रांती क्रांती करून तुमी नेमकं काय केलं?"

"मग काय सांगितलंसा?"

"म्हनलं, तुजी आजी मागं लागलीती म्हनून घराभाईर पडत हुतो!" नाथाजी खदाखदा हसला. हसता हसता स्कूटर खड्ड्यात घातली, बाहेर काढली. "आवं ताई, आनि तो तुमचा ठराव आठवतोय का? मलकापूरच्या शिबिरातला, गुऱ्हाळातला?"

सुलाबाईला आठवायला वेळ लागला. गुऱ्हाळाच्या छपरात शिबिर होतं, गुळाच्या काहिलीशेजारी सगळे मांडी घालून बसलेले. ती तेव्हा विशीतली, तोंडात नुसती आग. ती उठली आणि म्हणाली, आपण जग बदलायला निघालोय आणि बायकोला 'अगं ए' म्हणून हाक मारतोय. 'आमची मंडळी', 'पोरांची आई' हे सगळं आजपासून बंद. दलातल्या प्रत्येक गड्यानं बायकोला कॉम्रेड म्हणायचं. गड्यांनी हसत हसत हात वर केले, ठराव पास झाला, आणि गरम गुळावर सगळे तुटून पडले.

"मी घरी जाऊन म्हनलं हो, कॉम्रेड, च्या टाक," नाथाजी सांगत होता. "बायकोनं लाटणंच उचललं. तिला वाटलं शिवी दिली. आट दिसांत समदी परत अगं ए वर आली. कुनी पाळला न्हाई तो ठराव."

सुलाबाई हसली. तेव्हा लोक तिला 'मोर्चेवाली' म्हणायचे. ठरावासाठी तिचं नाव कुणी घेत नसे, घेत ते घागर मोर्चासाठी. दुष्काळात टँकर येईनात तेव्हा बायकांनी विट्याच्या कचेरीपुढं रिकाम्या घागरी पायऱ्यांवर पालथ्या घातल्या आणि त्यांच्यावर बसकण मारली. साहेबाला ना आत जाता येईना ना बाहेर. पोलिसांना बायकांना हात लावता येईना. पेपरवाल्यांनी विचारलं, ही अक्कल कुणाची? कोंडीबा म्हणाला, "कॉम्रेडची." सुलाबाई त्याच्या शेजारीच उभी होती. सगळे तिच्याकडं वळले. तिला असं काही सुचवल्याचं आठवत नव्हतं, पण तो म्हणतोय तर कधीतरी बोललोच असू, म्हणून तिनं मान खाली घातली. फोटो निघाला. आजही कुठं हार घातला तर तो घागर मोर्चासाठीच.

घर आलं. पत्र्याचं जुनं खोपटं जाऊन स्लॅबचं झालं होतं. मुलगा तिकडं सेलमला सोनं गाळायच्या दुकानात, तो यायला निघून गाडीत बसला होता म्हणे. नाथाजी बाहेरच कट्ट्यावर टेकला.

रंगूबाई दारात आली. तिनं सुलाबाईला वरपासून खालपर्यंत बघितलं, साडीच्या लाल काठावर नजर जरा जास्त ठरली. सुलाबाईला ते बरं वाटलं. असलं बरं वाटणं चांगलं नाही हे तिला कळत होतं, तरीही वाटलं.

"या ताई. पाय धुवा."

"कसं हायती?"

"हायती तसं हायती. छातीत खडीची धूळ बसलीया, डाक्टर म्हनला, ती काय आता निगत न्हाई." रंगूबाई थांबली. मग एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं. "जावा आत. माझं काय न्हाई. चाळीस वर्सं ह्या घरात तुमचं ताट वाढल्यालंच हाय, तुमी नसताना बी. कॉम्रेडला इचारतो, कॉम्रेडचं आसं म्हननं हाय. लोकांकडनं ऐकून ऐकून माजं कान किटलं. राने, भाईर ये गं. बोलू दे त्यास्नी." सून बाहेर आली. रंगूबाईनं स्वतःच दार ओढून घेतलं आणि मागं चुलीकडं निघून गेली. तिच्या बांगड्या वाजत गेल्या.

सुलाबाईला त्या क्षणी आपण जिंकलो असं वाटलं. बायकोनं स्वतःच्या हातानं दार लावून दिलं होतं.

कोंडीबा खाटेवर होता. एवढा आडमाप गडी, पण गोधडीखाली काही आहे की नाही असं वाटावं. नाकाला नळी. डोळे मिटलेले. सुलाबाई खाटेच्या कडेला बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्याचा हात हातात घेतला.

त्यानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं.

"सुलाताई? तुमी आलासा व्हय?"

"आले की. तुमी बोलवलंसा आन् मी न्हाई येनार?"

"लय लांबनं आलासा." तो दम घेत होता. "नाथ्या भेटला का?"

"भेटला. कोंडीबा, आता बोला. आता कुनी न्हाई हितं. मी आलेय न्हवं?"

"व्हय." त्यानं मान हलवली, मग दाराकडं बघितलं. "तेवडं कॉम्रेडला बोलवा की. आठ दिस हाका मारतोय. कुनी धाडतच न्हाई तिला."

सुलाबाईला वाटलं, भ्रम झालाय. ती वाकली. "कोंडीबा, मी आलेय. मीच न्हवं का कॉम्रेड?"

कोंडीबानं तिच्याकडं बघितलं. भ्रमात नव्हता तो. डोळे स्वच्छ होते, आणि त्यांत थोडं हसूही होतं. "तुमी सुलाताई," तो म्हणाला. "तुमीच न्हवं का ठराव केलेला? गुऱ्हाळात. बायकुला कॉम्रेड म्हनायचं. समद्यांनी मोडला. म्या न्हाई मोडला."

सुलाबाईचा हात तसाच त्याच्या हातात होता.

"तिच्या तोंडावं कवा म्हनता आलं न्हाई," कोंडीबा एकेक शब्द उचलून ठेवत होता. "बा हुता, भावकी हुती. लाज वाटायची. भाईर मातूर कवा अगं ए म्हनलं न्हाई. समद्यांम्होरं कॉम्रेडच म्हनलं. तुमाला ठावंच हाय की. आता म्हनलं, जाताना तरी तोंडावं म्हनावं. तर ती येतच न्हाई. हाक मारली की भाईर जाती."

"आन् घागरी?" सुलाबाईच्या तोंडून निघून गेलं. तिला विचारायचं नव्हतं.

"तिच्याच की. आडावरनं मोकळी घागर घिऊन आली, उंबऱ्यात पालथी घातली, आन् बसली तिच्यावं. म्हनली, आता बगते कोन उठवतंय. म्या म्हनलं, आयला, हे कचेरीत केलं तर?" त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. सुलाबाईनं त्याला पाणी पाजलं. खोकला थांबला तसा तो म्हणाला, "चुलीम्होरं आसंल. बोलवा तेवडं."

दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. तेवढं ओलांडायला सुलाबाईला फार वेळ लागला. तिला आता सगळं दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. पेपरवाल्यांना 'कॉम्रेडची' म्हणताना कोंडीबानं तिच्याकडं बघितलंच नव्हतं. तो पलीकडं बघत होता, पायऱ्यांवर घागरीवर बसून पोराला पाजणाऱ्या रंगूबाईकडं. मान खाली घातली होती ती आपण. फोटो आपला निघाला, हार आपल्या गळ्यात पडले, आणि ज्या शब्दावर आयुष्य उभं केलं तो आपणच दुसरीला देऊन टाकला होता, ठराव करून, हात वर करून. एवढ्या गड्यांत तो पाळायला हाच एक निघावा! तिला रंगूबाईचा असा संताप आला की पूर्वी कधी आला नव्हता. आजवर तिला धोतर आणि भाकरीचा हेवा वाटत होता. ते बायकोचंच होतं, ते तिनं तिला सोडलेलं होतं. आता ह्या बाईनं हेही नेलं.

मागच्या छपरात रंगूबाई भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही.

"बोललं?"

"बोलले."

"वळकलं?"

"व्हय."

"बरं झालं." काठवटीतल्या पिठावर रंगूबाईचा हात फिरत होता. "ताई, माज्यावं राग धरू नगा. म्या लय वंगाळ चिंतलंय तुमचं. कॉम्रेड म्हनलं की पोटात आग व्हायाची. मोर्च्याला मी बी आले, लाठी मी बी खाल्ली, पर इचारायचं तुमाला. मला कोन इचारणार? घरात नुसतं इचारल्यागत करायचं, रंगे, तुला काय वाटतं म्हनून. आन् भाईर जाऊन नाव कॉम्रेडचं. आता जानाऱ्या मानसाशी काय भांडायचं? म्हनलं, त्येच्या मनासारकं हू दे."

म्हणजे तिला विचारलं जात होतं. रोज. आणि तिला ते कळलेलं नव्हतं. सुलाबाई भिंतीला टेकून उभी होती. आता काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं. दोन दिवसांत माणूस जाईल, रंगूबाई ऊर बडवील, आणि कॉम्रेड होती ती सुलाबाईच राहील. दलातली सगळी मंडळी तेच धरून होती. रंगूबाईही तेच धरून होती. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

आणि सुलाबाई गप्प बसली. हे सांगायला हवं, ती गप्प बसली. रंगूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, तोवर ती गप्पच होती. नाथाजीला चहा देऊन राणी आत आली, भांडी घासायला बसली, तरी गप्प.

मग आतून हाक आली, बारीक, ओढलेली. "कॉम्रेड..."

रंगूबाईचा हात थांबला. "जावा," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. "परत बोलवत्यात तुमाला." तिनं मनगटानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं.

सुलाबाईला जावं लागणार होतं. आत जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तो दाराकडं बघणार, तुमी न्हवं म्हणणार. ते तिला परत ऐकायचं नव्हतं. काही झालं तरी ऐकायचं नव्हतं. तिच्यात काही थोरपण जागं झालं असं कुणी समजू नये. अपमान दोनदा सोसवत नाही म्हणून ती बोलली.

"कॉम्रेड," ती म्हणाली, "उठा. तुमाला हाक मारत्यात."

रंगूबाईनं मागं वळून बघितलं. सुलाबाईकडं नव्हे, सुलाबाईच्या मागं, दाराकडं. तिथं कुणी नव्हतं. मग तिनं भांड्यांशी बसलेल्या राणीकडं बघितलं.

"कुनाला म्हनताय, ताई?"

"तुमाला. मी सुलाताई. पयल्यापासनं सुलाताईच. कॉम्रेड तुमी हाय." सुलाबाईचा आवाज चिरका निघाला, भांडल्यासारखा. "ठराव हुता तसा. बायकुला म्हनायचं. त्येनं येकट्यानं पाळला. घागरी बी तुमच्याच. जावा आता, का धरून नेऊ?"

रंगूबाई उठली. उठताना तिनं काठवटीचा आधार घेतला. तिच्या हाताला पीठ, पदर ढळलेला, तोंड उघडं राहिलेलं. दोन पावलं गेली, थांबली, परत चुलीकडं आली.

"भाकरी करपंल," ती म्हणाली.

"मी बगते."

रंगूबाई गेली. दार तिनं लावलं नाही. सुलाबाई चुलीपुढं तिच्या पाटावर बसली, अजून कढत होता तो. तव्यावरची भाकरी उलटायला तिनं हात घातला आणि बोटं भाजून घेतली. तिला भाकरी कधी नीट जमली नव्हती, हयात लोकांच्या घरी जेवण्यात गेली. राणी भांडी घासत राहिली. आतून रंगूबाईचा आवाज आला, रडतानाच भांडणारा, "आवं, मग आदी का न्हाई म्हनलासा? मेला तुमचा ठराव," आणि त्यावर कोंडीबाचं खोकत खोकत हसणं. सुलाबाईनं बोटं तोंडात धरली. भाकरीची एक बाजू काळी झाली होती.

मग आतून परत हाक आली, या वेळी जवळनं, हळू, लाजत मारलेली. "कॉम्रेड..."

सुलाबाईच्या ओठांवर सवयीनं 'ओ' आली. ती तिनं गिळली. आत रंगूबाई म्हणाली, "ओ."